फॅनबेल्ट, आरसी आणि आपण



२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. फलटणहून साताऱ्याकडे संस्थेची जुनी डिझेल जीप मी चालवत होते. शेजारी आमची एक सहकारी, मागे सुनंदा (नाव बदललं आहे) आणि तिची चार वर्षांची मुलगी. सुनंदानं त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याविरुद्ध तक्रार दिली होती. पोलीस ठाण्यातलं काम आटपायला रात्र झाली. गावात परत जाणं शक्यच नव्हतं, म्हणून आम्ही तिला साताऱ्याला सुरक्षित ठिकाणी नेत होतो.

निम्मा रस्ता झाला असेल नसेल, समोरच्या काट्यांच्या पट्टीवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. मी मनात म्हटलं, बॅटरी जुनी झालीय, उद्या बघू. गाडी तर चालू होती. दहा-बारा मिनिटांनी तापमानाचा काटा वर सरकायला लागला. तेही मी पाहिलं, आणि आता थांबायचं नाही, लवकर पोचायचं, असं ठरवून ॲक्सिलरेटर दाबला. वाठार स्टेशनच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली, इंजिनाचा आवाज बदलला आणि जीप बंद पडली.

साताऱ्याहून दुसरी गाडी यायला दीड तास लागला. त्या दीड तासात रस्त्यावरून जेवढ्या मोटारसायकली गेल्या तेवढ्या वेळा सुनंदा मुलीला पोटाशी धरून जीपच्या आडोशाला खाली बसली. प्रत्येक दिवा तिला दिराचा वाटत होता. कुणी आलं नाही. आम्ही सुखरूप पोचलो. पण पुढे काही दिवसांनी ती मला म्हणाली, "ताई, गाडी बंद पडली तेव्हा मला वाटलं, आता परत त्याच घरात जायचं."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळलं की फॅनबेल्ट तुटला होता. आमच्या जीपमध्ये तो एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, तिन्ही फिरवतो. पट्टा तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागतो, कारण चार्जिंग थांबतं. मग इंजिन तापतं, कारण पाणी फिरणं थांबतं. म्हणजे गाडीनं मला दोनदा सांगितलं होतं. खरं तर तिनं त्याआधी आठ दिवस रोज सकाळी सुरू होताना चिरका आवाज काढून सांगितलं होतं, की पट्टा सैल झालाय, झिजलाय. पट्टा होता ४०० रुपयांचा. तापलेलं इंजिन तसंच पळवल्यामुळे हेड वाकलं, गॅस्केट गेलं आणि संस्थेला २२,००० रुपये मोजावे लागले. तीन आठवडे जीप गॅरेजमध्ये होती. त्या तीन आठवड्यांत ज्या बायकांना आम्ही "तुम्हीच एसटीनं या" असं सांगितलं, त्यातल्या किती जणी येऊ शकल्या नाहीत याचा हिशोब आमच्या कुठल्याच वहीत नाही.

गाडी चालवण्याचा परवाना त्या वेळी माझ्याकडे सहा वर्षं होता. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी केसवर्क शिकले, गटकार्य शिकले, समुदाय संघटन शिकले. ज्या गाडीच्या भरवशावर ते सगळं काम करायचं, तिचं बॉनेट मात्र मी एकदाही उघडलं नव्हतं. ते आपलं काम नाही, असं मला कुणी सांगितलेलंही नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती!

गॅरेजमध्ये मी विचारलं, "नक्की काय झालं ते मला दाखवता का?" मिस्त्री चांगला माणूस होता, पण तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही तुमच्या मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मी म्हटलं, "मिस्टर नाहीत, जीप आहे. मलाच सांगा." तो हसला आणि त्यानं सांगितलं. अर्धा तास लागला. मला सगळं समजलं. मग इतकी वर्षं हे आपल्याला अवघड का वाटत होतं?

"हा आपला विषय आहे का?"

त्यानंतर आमच्या मासिक बैठकीत मी सुचवलं की कार्यकर्त्यांसाठी आणि गावातल्या गाडी चालवणाऱ्या बायकांसाठी गाडीच्या देखभालीचं एक शिबिर घेऊ या. एक ज्येष्ठ कार्यकर्ती, जिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ती म्हणाली, "अगं, आपल्या बायका दोन-दोन मैल पाण्याला चालत जातात. त्यांना तू इंजिनाच्या ऑईलचं काय सांगतेस? हा मध्यमवर्गी विषय आहे."

तिचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. बहुसंख्य बायकांसाठी वेळेवर येणारी एसटी हीच खरी गाडी आहे. २०२३ साली महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायका कशा वाढल्या ते आपण पाहिलं आहे. सार्वजनिक वाहतुकीची मागणी आपण सोडता कामा नये.

पण आजूबाजूला नीट पाहू या. आशाताई स्कूटीवरून वाड्या-वस्त्या फिरते. नर्सबाई रात्रपाळीला दुचाकीवर जाते. भाजीवाली नवऱ्याच्या मागे टेम्पोत बसायची, ती आता स्वतः टेम्पो चालवते. २०२३ मध्ये एसटीच्या बसवर महिला चालक रुजू झाल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारनं महिलांसाठी पिंक ई-रिक्षाची योजना जाहीर केली. चाक बायकांच्या हातात येतं आहे. चाकाच्या पलीकडचं सगळं, म्हणजे इंजिन, गॅरेज, विमा, आरटीओ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मालकी, हे मात्र अजून घरातल्या पुरुषाकडेच आहे. तो म्हणेल तेव्हा गाडी दुरुस्त होते, तो म्हणेल त्या दिवशी किल्ली मिळते. अशा बाईला आपण "स्वतंत्र झाली, गाडी चालवते" म्हणतो, तेव्हा आपण जरा घाई करतो असं मला वाटतं.

"बाईला यंत्रातलं काय कळतं?" या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतली बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. कुठे? माहेरी! सुमारे शंभर किलोमीटरचा हा प्रवास मोटारीतून झालेली पहिली लांबची सफर मानला जातो. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. विजेच्या तारेचं आवरण झिजलं, तिथं पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे ठोकळे घासले गेले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. लग्नाआधी आपल्या हुंड्यातले पैसे उचलून तिनंच त्याचा अडचणीतला धंदा सावरला होता. १८८६ च्या पेटंटवर मात्र तिचं नाव नाही. रस्त्यावरची पहिली दुरुस्ती बाईची आणि कागद पुरुषाच्या नावावर, ही गोष्ट मोटारीइतकीच जुनी आहे.

रविवारची दहा मिनिटं

आता कामाचं बोलू. मी काही मिस्त्री नाही. पण त्या रात्रीनंतर जे शिकले आणि आमच्या गटातल्या बाराजणी आता जे करतात, ते सांगते.

आठवड्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना आणि सपाट जागी उभी असताना बॉनेट उघडा. आत कडी असलेली एक लांब पट्टी असते, ती इंजिन ऑईल मोजायची. ती ओढून काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि परत काढून पाहा. ऑईलची रेघ दोन खुणांच्या मध्ये हवी. खालच्या खुणेजवळ असेल तर भर घाला, पण वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. डिझेल गाडीत ऑईल लवकर काळं होतं, त्याला घाबरू नका. पण ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. मग गाडी न चालवता मिस्त्रीलाच बोलवा.

शेजारी प्लास्टिकची एक टाकी असते, तिच्यात रंगीत पाणी दिसतं. ते कूलंट. तिलाही दोन खुणा आहेत. नळाचं पाणी रोज भरत राहिलं तर आतून गंज आणि क्षार धरतात, म्हणून कूलंटच भरा. रस्त्यात अडचण आली तर स्वच्छ पाणी चालतं, पण नंतर ते बदलून घ्यावं. आणि एक गोष्ट मुलींना, सुनांना, सगळ्यांना सांगून ठेवा : तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर उडतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं.

मग पट्टा पाहा, इंजिन बंद असताना. त्यावर भेगा, सुटलेले धागे, चकचकीत झालेली पाठ दिसली तर बदला. ब्रेक ऑईलची लहान टाकी पाहा. तिची पातळी एकाएकी उतरली असेल, किंवा ब्रेकचा पायंडा मऊ, खोल जातो असं वाटलं, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.

शेवटी टायर. किती हवा भरायची हे बहुतेक गाड्यांच्या ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. पंपावरच्या मुलाला आपण आकडा सांगायचा, त्यानं विचारायच्या आधी. हवा कमी असली तर टायर कडेनं झिजतो, जास्त असली तर मधोमध. टायरच्या खाचांमध्ये तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात, म्हणजे २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारत असेल तर हे आकडे वाचून दाखवा. आणि स्टेपनीतली हवाही पाहा. आपण तिला विसरतो, आणि ती नेमकी त्याच दिवशी आपल्याला विसरते.

स्कूटी असली तरी हेच. तिचं ऑईल एक लिटरहूनही कमी असतं, म्हणून थोडं उतरलं तरी फरक पडतो. विजेवरच्या गाडीला ऑईल नसेल, पण ब्रेक, टायर आणि कागद तिलाही आहेत.

लाल दिवा

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, समोरचे सगळे दिवे लागतात. गाडी सुरू झाली की विझतात. जो विझत नाही किंवा चालताना लागतो, तो काही सांगतो आहे. साधारण नियम असा : पिवळा दिवा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लाल म्हणजे आत्ता थांबा. तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणाल तर इंजिनच जाईल. हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा राहिला तर ब्रेक ऑईल पाहा. बॅटरीचा लाल दिवा लागला तर माझी गोष्ट आठवा आणि लगोलग तापमानाच्या काट्याकडे बघा.

काटा वर चढायला लागला तर एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सुरू करायचा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो. त्यानं सुरक्षित जागी गाडी बाजूला घेण्यापुरती सवड मिळते. जागा मिळाली की इंजिन बंद.

पावसाळ्यात पुलावर, नाल्यात पाणी असेल तर गाडी घालूच नका. घातली आणि मध्येच बंद पडली, तर पुन्हा किल्ली मारायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असतं आणि सुरू करायला गेलात तर आतले भाग वाकतात. ढकलून किंवा ओढून बाहेर काढायची. वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर असं नुकसान विम्यातूनही बहुधा मिळत नाही.

टायर बदलणं हे ताकदीचं काम आहे असं आपल्या मनात पक्कं बसवलेलं आहे. आमच्या शिबिरात पंचेचाळीस किलो वजनाच्या एका अंगणवाडीताईनं जीपचं चाक बदललं! त्यात क्रम महत्त्वाचा. सपाट, टणक जागा बघायची. हँडब्रेक, पहिला गिअर, आणि तिरक्या समोरच्या चाकाला दगड. गाडी जॅकवर उचलायच्या आधीच नट सैल करायचे, कारण चाक जमिनीवर असताना ते फिरत नाही. नट हलत नसेल तर पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकायचा, किंवा पान्याला लोखंडी पाइप अडकवायचा. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, हे आपण सातवी-आठवीत तरफेच्या धड्यात शिकलोय. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे असे आळीपाळीनं आवळायचे आणि गाडी खाली घेतल्यावर पुन्हा एकदा पूर्ण आवळायचे. गाडीखाली मात्र नुसत्या जॅकच्या भरवशावर कधी शिरायचं नाही.

गॅरेजमध्ये जाताना तीन सवयी लावून घेऊ या. काम सुरू करायच्या आधी खर्चाचा अंदाज कागदावर मागायचा. बदललेला जुना भाग परत मागायचा. आणि पक्कं बिल घ्यायचं. भांडायचं नाही, नुसतं मागायचं. फसवणूक झालीच, तर गॅरेजची सेवाही ग्राहक कायद्यात येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३, आणि जिवाची भीती असेल तर ११२. हे नंबर फोनमध्ये आहेतच म्हणून चालणार नाही, बॅटरी संपलेली असू शकते. एका कागदावर लिहून गाडीत ठेवा.

कागद कुणाच्या नावावर?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांना आम्ही दागिने, बँक, रेशनकार्ड याबद्दल विचारतो. गेली तीन वर्षं मी आणखी एक प्रश्न विचारते : घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे? हप्ते कोण भरतं?

एक शिक्षिका. तिच्या पगारातून तीन वर्षं स्कूटीचे हप्ते गेले. आरसी नवऱ्याच्या नावावर, कारण "दुकानात तेच गेले होते". ती घर सोडून निघाली तेव्हा त्यानं गाडी ठेवून घेतली आणि वर म्हणाला, तू नेलीस तर चोरीची तक्रार देईन. तिच्या बँकेच्या पासबुकात हप्त्यांच्या नोंदी होत्या, म्हणून वकिलाला निदान काहीतरी हातात धरता आलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यात (२००५) आर्थिक छळाचा समावेश आहे. कलम १९(८) खाली स्त्रीधन आणि बाईच्या हक्काची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात, आणि अशी मालमत्ता परस्पर विकण्याला कलम १८ खाली मनाईही करू शकतात. दागिन्यांसाठी आपण हे मागतो. गाडीसाठीही मागायला हवं.

लग्नात मुलाला मोटारसायकल किंवा कार "प्रेमानं" देणारे आईबाप सगळ्या जातीत, सगळ्या वर्गात आहेत. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचं कलम ६ आपल्यापैकी कितीजणींनी वाचलं आहे? हुंडा म्हणून दुसऱ्या कुणी घेतलेली वस्तू तीन महिन्यांच्या आत त्या मुलीच्या नावावर करून दिली पाहिजे, असं ते सांगतं. सासरच्या अंगणात उभी असलेली ती गाडी कायद्यानं तिची आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

आता विमा. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे, पण तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीपुरता. आपल्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमा असतो, त्याची रक्कम २०१८ साली १५ लाख रुपये करण्यात आली. पण तो ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो परवाना बाळगून स्वतः ती चालवतो आहे, त्याच्यासाठी. नवऱ्याच्या नावावरची स्कूटी रोज चालवणारी बाई अपघातात सापडली, तर मालक-चालकाचा तो विमा तिला लागू होत नाही. रस्त्यावर ती, आणि विमा त्याचा!

नवरा वारला की गाडी अंगणात उभी राहते, नाहीतर दीर वापरायला लागतो. मोटार वाहन नियमांनुसार, ज्या वारसाच्या ताब्यात गाडी येते त्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून आपल्या नावावर करून घ्यायची असते. दुःखात हे सुचत नाही, म्हणून अशा वेळी शेजारणीनं, गटातल्या मैत्रिणीनं आठवण करायची. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारस म्हणून नाव लावण्याची सोयही झाली आहे. ते आजच लावून घ्या.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही घरांत गाडी मुद्दाम बायकोच्या नावावर घेतात आणि किल्ली तिला कधी मिळतच नाही. मग विक्रीच्या वेळी तिच्याकडून कोऱ्या नमुना २९ आणि ३० वर सही घेतात. गाडी गेली, पण नोंदणी तशीच राहिली तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई देताना नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक धरला जाईल. म्हणजे जी गाडी तिनं कधी चालवली नाही, जिचे पैसे तिच्या हातात आले नाहीत, तिच्या अपघाताची नोटीस तिच्या दारात येऊ शकते. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून अपघात केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक आणि मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "लाडानं दिली" म्हणणारे वडील बाजूला राहतात आणि आरसीवर नाव आईचं असतं. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नाही म्हणजे नाही.

आणखी तीन छोट्या गोष्टी. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते पाहा. तो त्याचा असेल तर सगळे निरोप आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या. आणि दुसरी किल्ली कुठे असते? ज्या घरात मारहाण आहे त्या घरातल्या बाईनं दुसरी किल्ली आणि कागदांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे ठेवाव्यात.

आपण काय करू शकतो?

आमच्या गटानं शेवटी ते शिबिर घेतलं. विरोध करणारी ती ज्येष्ठ मैत्रीणही आली होती. सकाळी बॉनेट, दुपारी टायर, संध्याकाळी आरसी आणि विम्याचे कागद. त्याच मिस्त्रीला आम्ही शिकवायला बोलावलं. "मिस्टरांना पाठवा" हे वाक्य त्यानं स्वतःच सांगून सगळ्यांना हसवलं. संध्याकाळी प्रत्येकीनं आपापली आरसी बाहेर काढली. एकवीसजणी गाडी चालवणाऱ्या, त्यातल्या सहाजणींच्याच नावावर गाडी. क्षणभर कुणी बोललं नाही. मग ती ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "सातबाऱ्यासारखंच आहे गं हे." सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी आपण किती वर्षं मोर्चे काढले, ते तिनं स्वतः केलेलं काम. म्हणून तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटलं.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटानं असं एक दिवसाचं शिबिर घ्यावं. आपल्या संस्थांच्या गाड्यांची देखभाल एका ड्रायव्हरदादावर न सोडता दोन कार्यकर्त्यांनी शिकून घ्यावी, आणि वहीत तारीख घालून नोंद ठेवावी. सरकारी योजनांतून बायकांना चालवायचं प्रशिक्षण मिळतं, तिथं दुरुस्तीचं आणि कागदांचं शिक्षणही मिळावं, अशी मागणी आपण करावी. समुपदेशनाच्या अर्जात "वाहन कुणाच्या नावावर?" हा एक रकाना वाढवावा.

सुनंदा आता एका छोट्या कारखान्यात काम करते. मागच्या वर्षी तिनं जुनी स्कूटी घेतली. घ्यायच्या आधी मला फोन केला. मी ऑईल, टायर असं सांगायला लागले, तर मला थांबवून म्हणाली, "ते मी बघितलं ताई. नाव माझ्या एकटीचं लावायचं ना, एवढंच विचारायचं होतं."

तुमच्या गटात हा प्रश्न विचारा आणि काय उत्तरं येतात ते आम्हाला जरूर कळवा.